पाणी आणि ओझे



रायपूर हे एके काळी तळ्यांचे शहर होते. बूढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा ही नावे आजही शहराच्या नकाशावर आहेत. तळी आणि विहिरी यांच्यावर विसंबून राहण्याच्या त्या काळात पाणी घराकडे येत नसे. घरच पाण्याकडे जात असे. स्नान आणि धुणे तळ्याच्या पायरीवर होई आणि पिण्याचे पाणी डोक्यावरून व कमरेवरून घरी येई. पुढे राजनांदगावचे राजा बलरामदास यांच्या मोठ्या देणगीच्या आधारे खारून नदीवरील जलकेंद्र उभे राहिले. १८९२ साली ते सुरू झाले, आणि त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. नदीचे पाणी नळाने शहरात येऊ लागले. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे भांड्याच्या वजनाखेरीज पंधरा किलोचे ओझे होय. पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी वाहिलेले हे ओझे नळामुळे हळूहळू उतरले.

परंतु नळाबरोबर घरात एक नवी जबाबदारीही आली. विहीर गावाची असे; तिच्या कठड्याची डागडुजी हा सर्वांचा प्रश्न होता. घरातील नळ मात्र घराचा असतो. तो ठिबकू लागला, तुंबला किंवा फुटला, तर पहिला हात घरातील माणसालाच घालावा लागतो. तीच गोष्ट जड सामानाची. पेटारा आणि दोन-चार भांडी एवढाच संसार असताना तो कोणालाही उचलता येई. आज लोखंडी कपाट, शीतकपाट, धुलाई यंत्र, कूलर अशा वस्तू सामान्य कुटुंबातही असतात, आणि वर्षातून दोन-तीन वेळा तरी त्या हलवाव्या लागतात. घरच्या घरी नळाची दुरुस्ती करणे आणि जड वस्तू हलवणे या दोन कामांचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे. वरवर पाहता ती भिन्न वाटतात. तथापि दोन्हींचा नियम एकच आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. तात्यापारा हे रायपूरमधील मराठी कानाला ओळखीचे वाटणारे नाव. त्या भागातील एक जुने दुमजली घर. मे महिना, पहाटेची वेळ. पाणी यावयाला अर्धा तास अवकाश आहे. स्वयंपाकघरातील नळ आठवडाभर ठिबकत आहे, म्हणून घरातील तरुण मुलगा पाना घेऊन बसला आहे. वरच्या टाकीची चावी बंद करण्याचे त्याच्या ध्यानात येत नाही. नळाचा वरचा भाग दोन-तीन वेढ्यांत सैल होतो आणि एकाएकी हातातून निसटतो. पाण्याचा फवारा छतापर्यंत उडतो. तो बोटाने छिद्र दाबून धरतो. पाणी बोटाच्या चारी बाजूंनी उसळते. घरातील आजी दारातून सुनेला हाक मारतात, “सूनबाई, आधी गच्चीवरची चावी बंद कर, मग पुसायचं बघू!” सून धावत वर जाते. तोवर रात्रभर जपलेले टाकीतील पाणी मोरीतून वाहून गेलेले असते.

एवढ्यावर भागत नाही. पाणी लोखंडी कपाटाखाली शिरले आहे. ते गंजू नये म्हणून मुलगा आणि त्याचे वडील कपाट तसेच, भरलेले, ओढू लागतात. ओल्या फरशीवर वडिलांचा पाय सरकतो, कमरेत कळ येते आणि पुढील तीन आठवडे ते अंथरुणावर पडून राहतात. तीस रुपयांच्या आतल्या रबरी चकतीसाठी एवढा अनर्थ! संध्याकाळी आजी शांतपणे म्हणतात, “पाणी अडवल्याशिवाय नळाला हात लावू नये, आणि कपाट रिकामं केल्याशिवाय त्याला खांदा लावू नये.”

आजींच्या या वाक्यात प्रस्तुत विषयाचे सार आले आहे. नळात पाण्याचा दाब साठलेला असतो. जड वस्तूत तिचे वजन साठलेले असते. माणूस त्या वस्तूला हात घालतो तेव्हा हा साठलेला जोर मोकळा होतो आणि जिकडे वाट मिळेल तिकडे धावतो. कुशल कारागीर प्रथम तो जोर उतरवतो आणि मगच काम आरंभतो. अननुभवी माणूस जोर तसाच ठेवून त्याच्याशी झुंजतो. घरातील अपघातांपैकी पुष्कळांचे मूळ या एका फरकात आहे.

आता नळाकडे वळू या. पाण्याचा दाब हा पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, टाकीच्या आकारावर नाही. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो इतका भार देतो. म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरील टाकी तळमजल्याच्या नळावर साधारण पाऊण किलोचा भार टाकते. हा आकडा लहान वाटेल. पण त्याच्यामागे पाचशे किंवा हजार लिटर पाणी उभे असते, आणि वाट मिळाल्यावर ते सर्वच्या सर्व बाहेर पडावयास तयार असते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी, किंबहुना कोणतीही दुरुस्ती करावयाची नसतानाही, एक पाहणी करावी. नगरपालिकेचे पाणी घरात कोठून शिरते, त्यावरील चावी कोठे आहे, टाकीतून खाली येणाऱ्या नळीवर चावी आहे की नाही, आणि कोणती चावी कोणत्या खोलीचे पाणी अडवते, हे घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला ठाऊक असावे. वर्षानुवर्षे न फिरवलेली चावी ऐन वेळी फिरत नाही. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ती एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावी. घरात शिकण्यासारखे नळकाम एवढेच आहे असे कोणी ठरवले, तरी ते पुरेसे होईल.

ठिबकणाऱ्या नळाची उपेक्षा करू नये. सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसाला ८६,४०० थेंब पडतात. पंधरा ते वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार ते पावणेसहा लिटर आणि वर्षाला दीड ते दोन हजार लिटर पाणी वाया जाते. उन्हाळ्यात ज्या वस्तीत पाण्याच्या गाडीची वाट पाहावी लागते, तेथे हा हिशेब कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

जुन्या पद्धतीच्या पितळी नळाची रचना अगदी सोपी आहे. १८४५ साली इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या ओतशाळेने आटे फिरवून बंद होणाऱ्या नळाचे पेटंट घेतले. आपल्या घरातील नळ त्याच कुळातले. नळाची मूठ उजवीकडे फिरवली की आतील दांडा आट्यांवरून खाली उतरतो. दांड्याच्या टोकाला रबराची चकती असते. तिला बाजारात वायसर म्हणतात. ही चकती नळाच्या आतील गोल कडेवर, म्हणजे बैठकीवर, दाबून बसते आणि पाणी थांबते. कालांतराने रबर कडक होते, त्यावर कडेचा चरा उमटतो, आणि पाणी झिरपू लागते. पुष्कळ लोक अशा वेळी मूठ अधिकाधिक जोराने आवळतात. त्यामुळे चकती आणखी चिरते आणि अखेरीस बैठकही खराब होते. म्हणजे येथेही जोर लावल्याने काम बिघडते.

चकती बदलण्याचा क्रम असा. प्रथम त्या नळाचे पाणी अडवणारी चावी बंद करावी. नंतर तोच नळ पूर्ण उघडून नळीत राहिलेले पाणी वाहू द्यावे. पाणी थांबले म्हणजे चावी खरोखर बंद झाली, याची खात्री पटते. मोरीच्या जाळीवर फडके टाकावे, म्हणजे लहान स्क्रू आत जात नाहीत. मूठ काढावी, पान्याने वरचा षट्कोनी भाग डावीकडे फिरवून सैल करावा आणि दांडा बाहेर घ्यावा. हे करताना दुसऱ्या हाताने नळाचे धड घट्ट धरणे अत्यंत आवश्यक आहे. अन्यथा पान्याचा सारा पीळ भिंतीतील सांध्यावर जातो आणि नळ दुरुस्त होऊन भिंत गळू लागते. जुनी चकती काढून तीच दुकानात न्यावी व त्याच मापाची नवी आणावी. बैठकीवर बोट फिरवून पाहावे. ती गुळगुळीत असेल तर नवी चकती काम देईल. खडबडीत असेल तर नवीही लवकरच चिरेल, आणि मग नळ बदलणे हेच शहाणपणाचे ठरते. दांडा परत बसवताना तो अर्धवट उघड्या स्थितीत ठेवावा, म्हणजे चकती चेंगरत नाही. शेवटी चावी हळूहळू उघडावी. एकदम उघडल्यास नळीतील हवा आणि पाणी यांचा धक्का बसून सैल सांधे हलतात.

अलीकडच्या काळात पाव वेढ्यात उघडणारे नळ सर्वत्र आले आहेत. त्यांत रबरी चकतीच्या जागी चिनी मातीच्या दोन तबकड्या एकमेकींवर सरकतात. असा नळ गळू लागला की आतील संपूर्ण भाग बदलावा लागतो. परंतु पाणी अडवणे, नळ रिकामा करणे आणि धड धरून पाना फिरवणे हा क्रम तोच राहतो.

नळ्यांच्या सांध्यांविषयीही थोडे सांगणे अगत्याचे आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळीचे आटे पूर्वी सफेदा आणि सुतळी लावून बंद करीत. सफेद्यात शिसे असे, आणि शिसे हे विष आहे. पिण्याच्या पाण्याच्या नळीला ते लावू नये. आता त्याऐवजी पांढरी पातळ टेफ्लॉनची पट्टी वापरतात. नळीचे तोंड आपल्याकडे धरून पट्टी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळली तर आटे फिरताना ती सुटून गोळा होते. लोखंडी सांधा सोडवताना नेहमी दोन पाने घ्यावेत: एकाने नळी स्थिर धरावी, दुसऱ्याने सांधा फिरवावा. प्लॅस्टिकची नळी चिकटवताना ती प्रथम काटकोनात सरळ कापावी, कडेचा भुसा काढावा, कोरडी बसवून पाहावी आणि नंतरच त्या नळीसाठी असलेला द्राव लावून पाव वेढा देत आत ढकलावी. काही क्षण धरून ठेवावी आणि डब्यावर सांगितलेला अवधी संपेपर्यंत पाणी सोडू नये. घाईने सोडलेले पाणी नवा सांधा उखडते.

रायपूरच्या गृहस्थाला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या परिसराच्या भूगर्भात चुनखडीचे विस्तीर्ण थर आहेत. येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते त्यामुळेच. त्या थरांतून येणारे विंधन विहिरीचे पाणी साहजिकच जड असते. ते तापवले किंवा वाळले की त्यातील चुना पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने मागे राहतो. न्हाणीघरातील फवाऱ्याची छिद्रे बुजतात, नळाच्या जाळीतून पाणी कमी येते, आणि लोकांना वाटते की दाब कमी झाला. जाळी काढून काही तास लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात बुडवून ठेवली व जुन्या ब्रशने घासली की पाणी पूर्ववत येते. येथे तीव्र आम्ल वापरण्याचा मोह टाळावा. विशेषतः आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निर्माण होतो, आणि बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो.

शौचालयाच्या टाकीची गळती आवाज करीत नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही. तिची परीक्षा सोपी आहे. टाकीत कपड्यांना घालावयाच्या निळीचे काही थेंब टाकावेत आणि अर्धा तास पाणी सोडू नये. भांड्यात निळी छटा उतरली, तर टाकीच्या तळाचे झाकण नीट बसत नाही असे समजावे. वरच्या नळीतून पाणी सतत वाहत असेल, तर तरंगता गोळा फार वर बसवलेला असतो. तो थोडा खाली आणला की बहुधा काम होते.

बेसिनखालची वाकडी नळी पाहून ती सरळ का नाही, असा प्रश्न मुले विचारतात. त्या वाकणात थोडे पाणी कायम राहते आणि ते गटारातील दुर्गंधी वर येऊ देत नाही. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचपात्रासाठी अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर नागपूरला किंवा पुण्याला जाऊन आलेल्या कुटुंबाला न्हाणीघरात दुर्गंधी येते, ती याच कारणाने. जाळीखालचे पाणी वाळून गेलेले असते. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो. कारागिराला बोलावण्याचे कारण उरत नाही.

पाणी आणि ओझे यांची गाठ जेथे पडते, ती वस्तू रायपूरच्या घराघरांत आहे. ती म्हणजे कूलर. मे महिन्यात येथील तापमान ४४ अंशांच्या वर जाते, आणि होळीनंतर घरोघरी कूलर माळ्यावरून किंवा गच्चीवरून खाली येतो. मोठ्या कूलरच्या टाकीत पन्नास-साठ लिटर पाणी मावते. म्हणजे भरलेला कूलर रिकाम्या कूलरपेक्षा पन्नास-साठ किलोंनी जड असतो. शिवाय ते पाणी आतल्या आत हिंदकळते आणि ढकलणाऱ्याचा तोल घालवते. त्याहून मोठा धोका विजेचा. ओला हात, ओली फरशी आणि लोखंडी पेटी यांचा संयोग दर उन्हाळ्यात कोठे ना कोठे बळी घेतो. म्हणून कूलरला हात लावण्याचा क्रम ठरलेला असावा: प्रथम बटण बंद करावे, नंतर खटक्यातून वायर काढावी, नंतर पाणी काढून टाकावे, आणि मगच पेटीला स्पर्श करावा.

हे झाले वस्तूंविषयी. आता माणसाच्या पाठीचा विचार करावयास हवा. कमरेचा मणका हा तराजूच्या मधल्या काट्यासारखा आहे. एका बाजूला हातातील वजन असते. दुसऱ्या बाजूला पाठीचे स्नायू ओढत असतात. हे स्नायू मणक्यापासून साधारण पाच सेंटिमीटरवर आहेत, तर हातातील वजन त्याच्या कितीतरी पट लांब असते. वीस किलोची बादली कमरेपासून वीस सेंटिमीटरवर धरली, तर तिला तोलण्यासाठी स्नायूंना ऐंशी किलोइतका जोर लावावा लागतो. तीच बादली हात पुढे करून चाळीस सेंटिमीटरवर धरली, तर हा जोर एकशे साठ किलो होतो. वाकल्यामुळे येणारा धडाचा स्वतःचा भार त्यात आणखी मिळवावा लागतो. बादली तीच, माणूस तोच. केवळ अंतर दुप्पट झाले. म्हणून ओझे अंगाशी धरावे, गुडघ्यांत वाकून मांड्यांच्या जोराने उठावे, आणि ओझे हातात असताना कंबर पिळू नये. वळावयाचे असेल तर पावले वळवावीत. शेतातून भारा उचलणारी स्त्री तो कमरेशी घेते किंवा डोक्यावर मणक्याच्या रेषेत ठेवते, त्यामागे हेच शास्त्र आहे.

किती वजन उचलावे, याविषयीही मर्यादा सुचवल्या गेल्या आहेत. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही, २३ किलो हीच वरची मर्यादा धरली आहे. ओझे दूर असेल, खाली असेल किंवा पुन्हापुन्हा उचलावयाचे असेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते. रिकामे लोखंडी कपाट साधारण सत्तर ते शंभर किलोचे असते. कपडे, पुस्तके आणि भांडी भरल्यावर त्याचे वजन दीडपटीहून अधिक होते. ते एकट्याने उचलण्याचा विचारही कोणी करू नये.

परंतु उचलता न येणारी वस्तू हलवता येणार नाही, असे मात्र नाही. इजिप्तमध्ये सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीच्या जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे. प्रचंड पुतळा घसरगाडीवर ठेवून शेकडो माणसे ओढत आहेत, आणि गाडीच्या पुढच्या भागावर उभा असलेला एक माणूस वाळूवर पाणी ओतत आहे. हा काही धार्मिक विधी असावा, असे पुष्कळ काळ मानले जात होते. २०१४ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले की योग्य प्रमाणात ओली केलेली वाळू घट्ट होते, गाडीपुढे वाळूचा ढीग साचत नाही, आणि ओढण्यास लागणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. त्या माणसाने पुतळ्याला हातही लावला नव्हता. तरी त्याच्या वाट्याचे काम शेकडो माणसांच्या बरोबरीचे होते.

घरातील कपाटाच्या बाबतीतही हाच मार्ग आहे. प्रथम कपाट रिकामे करावे. कप्पे आणि खण बाहेर काढावेत. दारे कुलूपबंद करून किल्ली खिशात ठेवावी, कारण कपाट कलले की दार उघडते आणि सारा तोल जातो. ज्या वाटेने जावयाचे ती आधी मोकळी करावी, दारांची मापे घ्यावीत, आणि ओली फरशी कोरडी करावी. घसरावयाचे ते कपाटाने, माणसाने नव्हे. नंतर एका बाजूची कड थोडीशी उचलून पायांखाली दुमडलेले गोणपाट किंवा जुनी सतरंजी सरकवावी. कड उचलण्यासाठी मीटरभर लांबीची पहार असेल, आणि टेकण्याचे लाकूड टोकापासून दहा सेंटिमीटरवर ठेवले, तर नऊपट जोर मिळतो. ऐंशी किलोच्या कपाटाची एक बाजू, म्हणजे चाळीस किलो, उचलावयास साडेचार किलोंचा दाब पुरतो. या वेळी बोटे कधीही कपाटाखाली घालू नयेत. गोणपाट काठीने ढकलावे.

अंतर मोठे असेल तर रूळ वापरावेत. नळाच्या कामातून उरलेले एक इंची लोखंडी नळीचे तुकडे येथे उपयोगी पडतात. कपाटाच्या पायांखाली दोन मजबूत फळ्या द्याव्यात आणि फळ्यांखाली आडवे तीन-चार तुकडे ठेवावेत. कपाट पुढे सरकले की मागे मोकळा झालेला तुकडा उचलून पुढे ठेवावा. ढकलताना हात कपाटाच्या मध्यापेक्षा खाली ठेवावेत. वरून ढकललेले कपाट सरकण्याऐवजी उलथते. जिना उतरताना भार खालच्या माणसावर येतो, म्हणून तेथे बळकट आणि अनुभवी माणूस असावा, वरच्याने दोराने आवरून धरावे, आणि दोघांपैकी एकानेच सूचना द्याव्यात. शीतकपाट शक्यतो उभेच न्यावे. ते आडवे करावे लागले, तर उभे केल्यानंतर काही तास चालू करू नये, म्हणजे यंत्रातील तेल आपल्या जागी परत येते.

पाणी आणि ओझे यांचा सर्वांत मोठा संगम घराच्या गच्चीवर होतो, आणि त्याचा विचार क्वचितच केला जातो. हजार लिटरची टाकी भरली की तिच्यातील पाणीच एक टन होते. ती छताच्या मध्यभागी न ठेवता खालच्या भिंतींच्या किंवा तुळयांच्या वर ठेवावी. जुन्या घरावर नवी, मोठी टाकी चढवण्यापूर्वी जाणकार अभियंत्याचा सल्ला घ्यावा. छत बोलत नाही, परंतु वाकते.

स्वतः करावयाच्या कामालाही सीमा आहे. विजेवर पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या सुरक्षा झडपेला, स्वयंपाकाच्या वायूच्या नळीला, भिंतीच्या आत फुटलेल्या सांध्याला, किंवा ज्याचे पाणी अडवताच येत नाही अशा नळाला घरच्या माणसाने हात घालू नये. तीन माणसांना न हलणाऱ्या वस्तूशी चौथ्याने झटू नये. अशा वेळी कारागीर आणि हमाल यांना बोलावण्यात कसलाही कमीपणा नाही.

किंबहुना ज्याने स्वतः एकदा चकती बदलली आहे आणि एकदा कपाट सरकवले आहे, त्यालाच या माणसांच्या कामाचे मोल कळते. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. या कष्टकऱ्यांच्या मजुरीला आणि सुरक्षिततेला कायद्याचा आधार मिळावा म्हणून महाराष्ट्रात १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला, आणि त्यासाठी अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना दीर्घ लढा द्यावा लागला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६७ साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुष कामगारावर पंचावन्न किलोंहून अधिक ओझे टाकू नये अशी शिफारस केली होती. कायद्याने जे कारखान्याकडून आणि बाजाराकडून मागितले, ते घराने स्वखुशीने द्यावे. हमाल दारात आला असता कपाट आधीच रिकामे केलेले असावे, वाट मोकळी असावी, त्याला पाणी विचारावे, आणि “एकट्यानेच घेऊन जा, दोघांचे पैसे कशाला?” हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघू नये.

पुन्हा तात्यापाऱ्यातील त्या कल्पित घराकडे जाऊन हे व्याख्यान संपवू या. पुढील उन्हाळा आला आहे. नळ पुन्हा ठिबकू लागतो. मुलगा प्रथम गच्चीवर जातो, चावी बंद करतो, खाली येऊन नळ उघडतो आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबतो. मोरीवर फडके टाकलेले आहे. वडील आता कमरेला जपतात. ते शेजारी बसून नळाचे धड धरून आहेत. दहा मिनिटांत नवी चकती बसते. चावी हळूहळू उघडली जाते. आजी नळ सोडून पाहतात, बंद करून पाहतात, आणि पाण्याची वेळ होते तेव्हा घरातील सर्व हंडे, कळशा आणि टाकी काठोकाठ भरून घेतल्या जातात.